बेदाणा व हळदीच्या पेट्यांसाठी थर्मल प्रिंटरवर लेबल तयार करणे : मोजमाप, आज्ञा आणि लॉट क्रमांक

तासगाव, मिरज, कवठे महांकाळ आणि जत तालुक्यांत फेब्रुवारीपासून मेपर्यंत बेदाणा तयार होतो. शेडवरून उतरलेला माल निवडून, प्रतवारी करून साधारण १५ किलोच्या पेट्यांत भरला जातो आणि शीतगृहात जातो. तिथून तो सौद्यासाठी बाहेर निघेपर्यंत अनेक महिने लोटतात. या काळात एका चेंबरमध्ये अनेक शेतकऱ्यांच्या, सारख्याच दिसणाऱ्या हजारो पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. पेटी कोणाची, कोणत्या राशीतली आणि कधी भरलेली, हे सांगणारी एकच गोष्ट उरते ती म्हणजे पेटीवरचे लेबल. ते पुसले, गळून पडले किंवा दोन राशींना एकच क्रमांक गेला, तर चांगल्या मालाला हलक्या मालाचा दर मिळतो. एखाद्या पेटीत खडा, ओलावा किंवा औषधाचा अंश सापडला, तर दोष कोणत्या राशीचा आहे हे ठरवता येत नाही आणि सगळाच माल संशयाखाली येतो.

स्केच पेनने लिहिलेल्या क्रमांकाऐवजी आता अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या, बेदाणा शेडधारक आणि हळद पावडर करणारे बचत गट छोटे थर्मल लेबल प्रिंटर वापरतात. प्रिंटरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरवर लेबल काढता येते, पण त्यातून अंदाजाने ओढूनताणून बसवलेला बारकोड बऱ्याचदा वाचला जात नाही. प्रिंटरची स्वतःची आज्ञाभाषा वापरली तर प्रत्येक ओळ नेमक्या जागी येते, क्रमांक आपोआप वाढतो आणि एकदा केलेली फाईल दरवर्षी कामाला येते. ही पद्धत येथे टप्प्याटप्प्याने दिली आहे.

प्रिंटर आणि लेबलचा कागद निवडताना

थर्मल छपाईचे दोन प्रकार आहेत.

- थेट थर्मल : यात शाई किंवा रिबन नसते. कागदावरच उष्णतेने काळा पडणारा थर असतो. खर्च कमी येतो, पण ऊन, उष्णता, तेल आणि घासणे यांमुळे छपाई फिकी पडते. बेदाण्याला डिपिंग ऑइलचा हात लागलेला असतो, हे लक्षात घ्यावे. काही दिवसांत विकल्या जाणाऱ्या मालासाठी किंवा वजनाच्या चिठ्ठीसाठी हा प्रकार पुरेसा आहे.
- थर्मल ट्रान्सफर : यात रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. शीतगृहात महिनोन्‌महिने राहणाऱ्या पेटीसाठी हाच प्रकार घ्यावा. साध्या कागदी लेबलला वॅक्स रिबन चालते. ओलावा आणि घासणे सोसायचे असेल तर वॅक्स-रेझिन रिबन व प्लॅस्टिक फिल्मचे लेबल चांगले. रेझिन रिबन सर्वांत टिकाऊ, पण महाग आणि जास्त उष्णता मागणारी असते.

रिबन आणि लेबल एकमेकांना जुळणारे असावे लागतात. नवीन जोडी घेतल्यावर एक लेबल छापून अंगठ्याने जोरात घासून पाहावे आणि रात्रभर थंड पाण्यात ठेवावे. अक्षर टिकले तरच पूर्ण रोल मागवावा.

गोंदाकडेही लक्ष द्यावे. थंड चेंबरमध्ये गेलेल्या पेटीवर साधा गोंद सुटतो. शीतगृहासाठीचा गोंद असलेले लेबल मागावे आणि ते पेटी कोरडी व सामान्य तापमानाला असतानाच चिकटवावे. थंड पेटी बाहेर काढली की तिच्यावर दव धरते आणि अशा ओल्या पुठ्ठ्यावर कोणताही गोंद धरत नाही.

दुकानात बिल छापणारा प्रिंटर आणि लेबल प्रिंटर यांत गल्लत करू नये. बिल प्रिंटर सलग कागदावर छापतो, त्याला दोन लेबलमधली फट ओळखता येत नाही आणि त्याची आज्ञाभाषाही वेगळी असते.

आज्ञाभाषा म्हणजे काय?

लेबल प्रिंटरला साध्या मजकुराच्या फाईलमधून सूचना देता येतात : कागद एवढ्या मापाचा आहे, या जागी हे अक्षर लिही, त्या जागी बारकोड काढ, इतक्या प्रती छाप. या सूचनांची भाषा कंपनीनुसार बदलते. आपल्याकडे दोन भाषा जास्त भेटतात. टीएससी कंपनीचे प्रिंटर आणि बाजारातील अनेक स्वस्त प्रिंटर टीएसपीएल भाषा समजतात. झेब्रा कंपनीचे प्रिंटर झेडपीएल भाषा वापरतात. प्रिंटर कोणती भाषा समजतो हे खरेदीपूर्वी माहितीपत्रकात पाहावे. बहुतेक प्रिंटरवर फीडचे बटण दाबून ठेवून चालू केले की चाचणीची चिठ्ठी निघते, तिच्यावरही भाषेचे नाव व छपाईची घनता छापलेली असते.

महत्त्वाचे : या लेखात वाचण्याच्या सोयीसाठी आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. फाईलमध्ये मात्र आज्ञा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि सर्व आकडे इंग्रजी अंकांत टाईप करावेत. अवतरणचिन्हे सरळ उभी असावीत. वर्ड किंवा मोबाईलवरील ॲप ती आपोआप वळणदार करतात आणि प्रिंटरला ती कळत नाहीत. म्हणून फाईल नोटपॅडमध्येच लिहावी.

मोजमाप : मिलिमीटर आणि ठिपके

थर्मल प्रिंटरच्या हेडवर बारीक तापणारे ठिपके एका रांगेत असतात. प्रिंटर सगळी जागा ठिपक्यांत मोजतो.

- २०३ डीपीआयच्या प्रिंटरमध्ये १ मिमीत ८ ठिपके असतात. एक ठिपका ०.१२५ मिमी.
- ३०० डीपीआयच्या प्रिंटरमध्ये १ मिमीत सुमारे १२ ठिपके असतात. एक ठिपका सुमारे ०.०८५ मिमी.

पेटीसाठी ७५ मिमी रुंद व ५० मिमी उंच लेबल सोयीचे पडते. २०३ डीपीआयवर ते ६०० ठिपके रुंद व ४०० ठिपके उंच होते. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. पहिला आकडा उजवीकडे किती सरकायचे आणि दुसरा आकडा खाली किती उतरायचे, हे सांगतो. म्हणजे डावीकडून ५ मिमी आणि वरून ५ मिमी जागा हवी असेल तर आकडे ४०, ४० असे येतील.

फाईल लिहिण्यापूर्वी आलेखाच्या कागदावर लेबल खऱ्या मापात काढून घ्यावे. कडेपासून किमान २ मिमी जागा सोडावी. रोल छपाईच्या वेळी थोडा इकडेतिकडे सरकतो आणि कडेला टेकलेले अक्षर कापले जाते.

आधी लॉट क्रमांक ठरवा

लेबलची आखणी करण्यापूर्वी क्रमांकाची रचना ठरवणे हे खरे काम आहे. क्रमांक असा असावा की शीतगृहातली पेटी हातात धरून थेट शेडच्या वहीतल्या नोंदीपर्यंत पोहोचता यावे. उदाहरणासाठी दहा अंकी क्रमांक घेऊ : २६११२०३००१.

- पहिले दोन अंक (२६) : हंगामाचे वर्ष
- पुढचे तीन अंक (११२) : शेतकऱ्याचा सभासद क्रमांक
- पुढचे दोन अंक (०३) : त्या शेतकऱ्याची तिसरी रास
- शेवटचे तीन अंक (००१) : त्या राशीतली पेटी

पहिले सात अंक म्हणजे लॉट आणि शेवटचे तीन म्हणजे पेटी. वहीत प्रत्येक लॉटसमोर प्लॉटचा गट क्रमांक, द्राक्षाची जात, काढणीची तारीख, डिपिंग किंवा फवारणीची तारीख, गंधकाची धुरी दिली की नाही, माल रॅकवरून उतरवल्याची तारीख आणि पेट्यांची एकूण संख्या लिहावी. वहीत नोंद नसेल तर बारकोड कितीही सुबक असला तरी तो निरुपयोगी आहे.

दोन प्लॉटचा माल एका राशीत मिसळला असेल तर त्याला तिसरा, वेगळा लॉट क्रमांक द्यावा आणि दोन्ही मूळ राशी वहीत लिहाव्यात. जुन्याच क्रमांकाखाली नवा माल भरू नये.

क्रमांकात फक्त अंक ठेवण्याचे दोन फायदे आहेत. प्रिंटरला तो आपोआप वाढवता येतो. शिवाय कोड १२८ प्रकारच्या बारकोडमध्ये दोन अंक मिळून एकच चिन्ह लागते, त्यामुळे बारकोड आखूड होतो. अंकांची एकूण संख्या सम ठेवावी.

टीएसपीएल भाषेतील पूर्ण लेबल

वरील क्रमांकासाठी, २०० पेट्यांच्या राशीची फाईल अशी होईल :

साइझ ७५ एमएम, ५० एमएम
गॅप ३ एमएम, ० एमएम
डायरेक्शन १
स्पीड ३
डेन्सिटी ८
सेट रिबन ऑन
सीएलएस
बॉक्स १६, १६, ५८४, ३८४, ३
टेक्स्ट ४०, ४०, "४", ०, १, १, "रेझिन्स - ग्रीन"
टेक्स्ट ४०, ९०, "३", ०, १, १, "लॉट २६११२०३"
टेक्स्ट ३२०, ९०, "३", ०, १, १, "नेट १५ केजी"
टेक्स्ट ४०, १३०, "३", ०, १, १, "पॅक्ड ०७/०४/२६"
सेट काउंटर @१ १
@१="२६११२०३००१"
बारकोड ६०, १९०, "१२८", १२०, १, ०, ३, ३, @१
क्यूआरकोड ४२५, १९०, एच, ६, ए, ०, "२६११२०३"
प्रिंट २००, १

प्रत्येक ओळीनंतर एंटर द्यावे. शेवटच्या ओळीनंतरही एंटर हवेच. ते विसरले तर प्रिंटर शेवटची आज्ञा अपुरी समजून थांबून राहतो.

प्रत्येक ओळीचा अर्थ

साइझ : लेबलची रुंदी आणि उंची. मागचा कागद धरू नये, फक्त चिकटणारे लेबल मोजावे.

गॅप : दोन लेबलमधली फट. बहुतेक रोलमध्ये ती २ ते ३ मिमी असते, पट्टीने मोजून लिहावी. हा आकडा चुकला की छपाई एकेका लेबलमागे थोडीथोडी खाली सरकत जाते.

डायरेक्शन : मजकूर कोणत्या बाजूने बाहेर यावा. उलटा येत असेल तर १ ऐवजी ० करावे.

स्पीड आणि डेन्सिटी : वेग इंच प्रति सेकंदात मोजतात. डेन्सिटी म्हणजे उष्णतेची मात्रा, ती ० ते १५ असते. वेग कमी ठेवून मध्यम डेन्सिटी वापरणे चांगले. डेन्सिटी जास्त झाली तर बारकोडच्या रेषा फुगून मधली पांढरी जागा भरते, हेडही लवकर झिजते.

सेट रिबन : रिबन असेल तर ऑन, थेट थर्मल कागद असेल तर ऑफ.

सीएलएस : आधीच्या लेबलचे चित्र प्रिंटरच्या स्मृतीतून पुसणे. ही ओळ राहिली तर मागच्या शेतकऱ्याच्या लेबलवर आपला मजकूर छापला जातो. ती साइझच्या ओळीनंतर आणि मजकुराच्या ओळींपूर्वी हवी.

बॉक्स : चौकट. पहिले दोन आकडे वरचा डावा कोपरा, पुढचे दोन खालचा उजवा कोपरा, शेवटचा आकडा रेषेची जाडी.

टेक्स्ट : जागेचे दोन आकडे, अक्षराचा प्रकार, फिरवण्याचा कोन, आडवी पट, उभी पट आणि मजकूर. अक्षर प्रकार ३ मध्ये प्रत्येक अक्षर १६ ठिपके रुंद व २४ ठिपके उंच असते, म्हणजे ३ मिमी उंची. प्रकार ४ मध्ये ते २४ ठिपके रुंद व ३२ ठिपके उंच, म्हणजे ४ मिमी. यावरून ओळ मावेल की नाही हे आधीच काढता येते. पंधरा अक्षरांची ओळ प्रकार ४ मध्ये १५ गुणिले २४, म्हणजे ३६० ठिपके घेते. ४० ठिपक्यांवर सुरू होऊन ती ४०० वर संपते आणि ६०० च्या लेबलमध्ये बसते.

सेट काउंटर : @१ नावाचा क्रमांक प्रत्येक लेबलनंतर १ ने वाढवावा, ही सूचना. पुढच्या ओळीत सुरुवातीचा क्रमांक दिला आहे.

बारकोड : जागा, प्रकार, रेषांची उंची, खाली अंक छापायचे की नाही (१ म्हणजे छापायचे), कोन, बारीक रेषेची रुंदी, जाड रेषेची रुंदी आणि क्रमांक. बारीक रेष ३ ठिपके म्हणजे ०.३७५ मिमी ठेवली आहे. दहा अंकांचा बारकोड ९० भागांचा होतो. ९० गुणिले ३, म्हणजे २७० ठिपके, सुमारे ३४ मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेषेच्या दहापट, म्हणजे ३० ठिपके कोरी जागा हवीच. स्कॅनर या कोऱ्या जागेवरूनच बारकोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ओळखतो. म्हणून तो ६० वर सुरू केला आहे, चौकटीच्या रेषेला चिकटवलेला नाही.

क्यूआरकोड : जागा, दुरुस्तीची पातळी, एका चौकोनाची रुंदी, पद्धत, कोन आणि मजकूर. एच ही सर्वांत वरची पातळी असून सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. शेडवरची धूळ आणि पेट्यांची घासाघास पाहता ती घेणे योग्य. फक्त लॉट क्रमांक ठेवल्यास कोड २१ गुणिले २१ चौकोनांचा, म्हणजे सुमारे १६ मिमीचा होतो आणि साध्या मोबाईलवर वाचला जातो. भोवती चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी.

प्रिंट : पहिला आकडा किती वेगवेगळे क्रमांक, दुसरा आकडा प्रत्येक क्रमांकाच्या किती प्रती. पेटीच्या दोन बाजूंना लेबल लावायचे असेल तर २००, २ असे लिहावे. थप्पीत एक बाजू झाकली गेली तरी दुसरी दिसावी म्हणून दोन लेबल लावणे फायद्याचे.

सावधान : काउंटर संपूर्ण दहा अंकी संख्या वाढवतो. पेटी ९९९ नंतर पुढचा क्रमांक २६११२०४००० येईल, म्हणजे लॉट ०३ चा ०४ होईल. एका राशीत ९९९ पेक्षा जास्त पेट्या होणार असतील तर पेटीसाठी पाच अंक ठेवून एकूण बारा अंकांचा क्रमांक घ्यावा. छपाई मध्येच थांबली तर शेवटचे निघालेले लेबल पाहून काउंटर पुढच्या क्रमांकापासून आणि उरलेल्या संख्येइतकाच पुन्हा चालवावा. सगळी फाईल परत पाठवली तर एकाच क्रमांकाच्या दोन पेट्या तयार होतात.

झेब्रा प्रिंटर असेल तर

झेडपीएलमध्ये प्रत्येक आज्ञेपूर्वी ^ हे चिन्ह येते. तेच लेबल थोडक्यात असे :

^एक्सए
^पीडब्ल्यू६००
^एलएल४००
^एफओ४०,४०^ए०एन,३२,२४^एफडीरेझिन्स - ग्रीन^एफएस
^एफओ४०,९०^ए०एन,२४,१६^एफडीलॉट २६११२०३^एफएस
^एफओ६०,१९०^बीवाय३^बीसीएन,१२०,वाय,एन,एन,ए^एसएन२६११२०३००१,१,वाय^एफएस
^पीक्यू२००
^एक्सझेड

एक्सए म्हणजे लेबलची सुरुवात आणि एक्सझेड म्हणजे शेवट. पीडब्ल्यू व एलएल म्हणजे रुंदी व लांबी, ठिपक्यांत. एफओ म्हणजे जागा, एफडी म्हणजे मजकूर, एफएस म्हणजे त्या मजकुराचा शेवट. एसएन आपोआप वाढणारा क्रमांक देते आणि पीक्यू प्रतींची संख्या.

बीसी आज्ञेच्या शेवटी 'ए' देणे विसरू नये. त्यामुळे प्रिंटर दोन-दोन अंक एकत्र करून बारकोड आखूड काढतो. तो नसेल तर तोच बारकोड ९० ऐवजी १४५ भागांचा, म्हणजे सुमारे ५४ मिमी लांब होतो आणि कोरी जागा धरून ७५ मिमीच्या लेबलवर दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही.

मराठी अक्षरे कशी छापावीत?

प्रिंटरमधील तयार अक्षरसंचात देवनागरी नसते. युनिकोड फॉन्ट प्रिंटरमध्ये भरता येतो, पण जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्याचे काम अनेक प्रिंटर करत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, 'द्राक्ष'चे तुकडे पडतात. रुपयाचे चिन्हही बहुधा छापले जात नाही. तिथे इंग्रजीत आरएस लिहावे. यावर दोन उपाय आहेत.

१. मराठी मजकूर चित्र म्हणून छापणे. संगणकावर मजकूर लिहून त्याचे फक्त काळ्या-पांढऱ्या दोन रंगांतील बीएमपी चित्र करावे. ३० मिमी रुंद व ८ मिमी उंच जागेसाठी चित्र बरोबर २४० गुणिले ६४ ठिपक्यांचे असावे. रुंदी आठच्या पटीत ठेवावी. हे चित्र प्रिंटरच्या स्मृतीत एकदा भरून ठेवावे आणि फाईलमध्ये पुट-बीएमपी या आज्ञेने जागेचे दोन आकडे व चित्राचे नाव द्यावे. राखाडी छटा असलेले चित्र वापरू नये, कडा फाटतात.

२. न बदलणारा मजकूर छापखान्यातून रंगीत छापून घेणे. शेतकरी गटाचे नाव, बोधचिन्ह आणि पत्ता मराठीत आधीच छापलेला असतो. थर्मल प्रिंटर फक्त लॉट, तारीख, वजन आणि बारकोड भरतो. मोठ्या संख्येत हा उपाय स्वस्त व देखणा पडतो.

किरकोळ पाकिटांचे लेबल वेगळे

वरील लेबल साठवणुकीच्या पेटीसाठी आहे. ग्राहकाला थेट विकायच्या २५० ग्रॅम बेदाणा किंवा हळद पावडरच्या पाकिटाला अन्नसुरक्षा कायद्याचे २०२० चे लेबलविषयक नियम आणि वैधमापनशास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तू नियम लागू होतात. लेबलची आखणी करताना पुढील बाबींना जागा ठेवावी :

- पदार्थाचे नाव, घटक पदार्थ, पोषणमूल्ये आणि शाकाहारी चिन्ह
- उत्पादक किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता
- १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणी क्रमांक
- निव्वळ वजन, लॉट क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि वापराची मुदत
- सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर
- ग्राहक तक्रारीसाठी संपर्क

दोन मुद्दे आपल्या भागात वारंवार सुटतात. पहिला भाषेचा. आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी त्यासोबत जरूर द्यावी, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. दुसरा गंधकाचा. बेदाण्याला गंधकाची धुरी दिली असेल आणि सल्फाईटचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ॲलर्जीविषयक सूचनेत त्याचा उल्लेख करावा लागतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाईटचा त्रास होतो, त्यामुळे ही सूचना केवळ कागदोपत्री नाही. प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

सांगली बेदाणा आणि सांगली हळद यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाचे नाव व चिन्ह लेबलवर वापरण्यासाठी १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसताना चिन्ह छापू नये.

दुकानातील बारकोड : तेरा अंकांचे गणित

मॉल किंवा सुपरमार्केटमध्ये विकण्यासाठी तेरा अंकी ईएएन बारकोड लागतो. हा क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो, मनाने तयार करता येत नाही. सुरुवातीचे ८९० हे अंक तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला एवढेच सांगतात.

तेरावा अंक तपासणीचा असतो. उदाहरणादाखल पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ घेऊ.

- विषम जागांवरचे अंक : ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८
- सम जागांवरचे अंक : ९ + १ + ३ + ५ + ७ + ९ = ३४, त्याची तिप्पट १०२
- बेरीज : २८ + १०२ = १३०
- पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जायला लागणारी संख्या म्हणजे तपासणी अंक. १३० ही स्वतःच दहाची पट आहे, म्हणून येथे तो ०.

बारा अंक दिल्यास प्रिंटर हा अंक स्वतः काढतो. हातात आलेल्या यादीतील क्रमांक बरोबर उतरला आहे का, हे पाहण्यासाठी मात्र हे गणित उपयोगी पडते.

या बारकोडच्या बारीक रेषेचे प्रमाण माप ०.३३ मिमी आहे आणि ते ८० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ०.२६४ मिमीपेक्षा कमी चालत नाही. २०३ डीपीआयवर २ ठिपके ०.२५ मिमी होतात, म्हणजे ते कमी पडतात. ३ ठिपके घ्यावे लागतात आणि कोऱ्या जागेसह ११३ भागांचा बारकोड सुमारे ४२.४ मिमी रुंद होतो. ३०० डीपीआयवर ४ ठिपके ०.३४ मिमी होतात आणि तोच बारकोड सुमारे ३८ मिमीत बसतो. पाकीट अरुंद असेल तर ३०० डीपीआयचा प्रिंटर घेणे यासाठी योग्य ठरते. बारकोडचे चित्र मोठे-लहान करून जागेत बसवू नये. रेषांचे प्रमाण बिघडते आणि दुकानदार माल परत पाठवतो.

फाईल प्रिंटरकडे पाठवणे

नोटपॅडमधून नेहमीप्रमाणे प्रिंट दिली तर प्रिंटर आज्ञा न पाळता त्याच ओळी कागदावर मजकूर म्हणून छापतो. आज्ञा जशाच्या तशा पोहोचवण्याचे सोपे मार्ग असे :

- प्रिंटर कंपनीच्या मोफत सेटअप सॉफ्टवेअरमध्ये फाईल पाठवण्याची सोय असते. सुरुवातीला हाच मार्ग घ्यावा.
- विंडोजमध्ये 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर जोडून त्यावर पाठवणे.
- नेटवर्कवरील प्रिंटर असेल तर त्याच्या पत्त्यावर पोर्ट ९१०० ला फाईल पाठवणे.

पहिल्यांदा प्रिंट १, १ करून एकच लेबल काढावे आणि तपासून मगच पूर्ण संख्या द्यावी.

अडचण आणि उपाय

- लेबल कोरे निघते : रिबन उलटी बसली आहे, किंवा थेट थर्मल नसलेल्या कागदावर रिबनशिवाय छपाई चालू आहे. कागदावर नख ओढावे. काळी रेघ उठली तर तो थेट थर्मल कागद.
- सर्व लेबलवर एकाच जागी उभी पांढरी रेघ : हेडवर धूळ बसली आहे किंवा ठिपका जळाला आहे. प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावे. तरीही रेघ राहिली तर बारकोड थोडा बाजूला सरकवून हंगाम काढता येतो, नंतर हेड बदलावे.
- छपाई हळूहळू खाली सरकते : साइझ किंवा गॅपचा आकडा चुकला आहे, किंवा फट ओळखणारा सेन्सर पुन्हा जुळवायला हवा.
- बारकोड दिसतो पण वाचत नाही : डेन्सिटी कमी करावी, वेग घटवावा, कोरी जागा मोजावी. बारकोड ९० अंशांत फिरवलेला असेल तर शक्यतो सरळ करावा. कागद सरकण्याच्या दिशेला आडव्या येणाऱ्या रेषांच्या कडा पसरतात.
- अक्षरे पुसली जातात : रिबन व लेबलची जोडी जुळत नाही.

हळद पॉलिश करण्याच्या ड्रमजवळ किंवा बेदाणा वाऱ्यावर देण्याच्या जागेजवळ प्रिंटर ठेवू नये. रिबनचा रोल बदलताना प्रत्येक वेळी हेड पुसावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी तपासायच्या बाबी

गावात किंवा गटात भेट देताना पेट्यांच्या थप्पीतून कोणतीही तीन लेबले निवडावीत आणि पुढील प्रश्नांची उत्तरे मिळतात का ते पाहावे.

१. मोबाईलवर कोड पहिल्याच प्रयत्नात वाचला जातो का?
२. वाचलेला क्रमांक व खाली छापलेले अंक एकच आहेत का?
३. त्या लॉटची वहीत नोंद आहे का, आणि तिथून प्लॉटपर्यंत पोहोचता येते का?
४. वहीतील पेट्यांची संख्या आणि शेवटच्या लेबलवरचा क्रमांक जुळतो का?
५. ओल्या फडक्याने पुसल्यावर मजकूर टिकतो का?
६. शीतगृहाच्या पावतीवर तोच लॉट क्रमांक लिहिला आहे का?

सहावा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. शेतमाल तारण कर्ज घेताना किंवा मालाबाबत वाद झाल्यावर पावती आणि पेटी यांचा मेळ लागला तरच शेतकऱ्याची बाजू उभी राहते. म्हणून माल चेंबरमध्ये जाण्यापूर्वीच पावतीवर लॉट क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या राशीचे एक जादा लेबल वहीत चिकटवून ठेवावे.